अंगठ्याची जागा

मिल्काच्या अंगावर आता महारोगाचा चट्टा औषधालाही उरला नव्हता. जैतुनाचे चार हंगाम तिनं तकोवाच्या वेशीबाहेर, गुहेत काढले होते. नवरा इद्दो खडकावर भाकरी ठेवायचा, लांब जाऊन उभा राहायचा आणि मग दोघं ओरडून संसार करायचे.

"अहो, अक्सा जेवते का नीट?"

"जेवते. तुझ्यासारखीच हट्टी आहे."

या नवराबायकोचं सगळं गावाला ऐकू जातं म्हणून शेजारीपाजारी हसायचे. हसोत मेले. मिल्काला काय हवं होतं ते त्यांना काय ठाऊक? तिला माणसाचा हात हवा होता. तान्ह्या अक्साच्या टाळूवर तेल घालताना तळहाताला जी ऊब लागायची, तिच्या आठवणीनं बाई झुरून अर्धी झाली होती.

आज ती यरुशलेमला, मंदिराच्या दाराशी उभी होती. डोकं, भुवया, सगळं भादरलेलं. इद्दोनं कोकरू आणलं होतं आणि घरच्या झाडांचं, स्वतः कुटून काढलेलं पेलाभर तेल. शुद्धीच्या विधीत मंदिराचा याजक तिच्या उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला कोकराचं रक्त लावणार, त्यावर तेल लावणार, उरलेलं तेल डोक्यावर घालणार. मग घर.

अडचण एकच होती आणि ती तिनं कपड्याच्या घडीत लपवली होती. गेल्या थंडीत काटक्या तोडताना विळा लागला, जखम चिघळली आणि उजव्या हाताचा अंगठा मुळापासून गेला. लांबून इद्दोला काय दिसणार? तिनंही सांगितलं नाही.

तरण्या याजकानं कानाला रक्त लावलं. "हात पुढं करा."

तिनं केला. तो हात बघतच राहिला.

"बाई, अंगठा कुठंय?"

"गेला."

"मग लावू कुठं? ज्याला अंगठा नाही त्याची शुद्धी कधीच नाही. आम्हाला असंच शिकवलंय."

मिल्कानं दुसरा हात पुढं केला. "डाव्याला लावा ना. डावा धडधाकट आहे."

"हा बाजार आहे का, हे नाही तर ते घ्या म्हणायला?"

मागून इद्दोचा आवाज आला, "अगं, अंगठा?"

तळहातावर तेल घेऊन उभा असलेला म्हातारा याजक वैतागला. "कसला घोळ घालताय? तेल गळतंय इथं." तरण्यानं त्याला सांगितलं. म्हाताऱ्यानं वाकून तो हात पाहिला.

"अंगठा गेला. जागा कुठं गेली?"

"पण बाबा, काहीजण म्हणतात की..."

"काहीजण तसं म्हणतात, काहीजण असं. आज पाळी माझी आहे. लाव जागेवर."

तरण्यानं नाखुशीनं रक्त लावलं. मग म्हाताऱ्यानं तेलात बोट बुडवलं आणि त्या व्रणावर टेकवलं. ते बोट कोमट होतं. एवढ्यासाठी मिल्का हमसून हमसून रडली.

"दुखतंय का गं?"

"नाही. जरा राहू द्या तसंच."

म्हाताऱ्यानं राहू दिलं. मग पायाला तेल झालं, उरलेलं सगळं डोक्यावर ओतलं आणि ते कपाळावरून डोळ्यांत उतरलं.

ती बाहेर आली तेव्हा पायऱ्यांखाली इद्दो अक्साचा हात धरून उभा होता. "आई आली बघ," तो म्हणाला. पोरीनं हात सोडवला आणि ती धावत सुटली.

आणि मिल्काच्या तोंडून निघून गेलं, "अशुद्ध! अशुद्ध!"

वाटेवर माणूस दिसलं की रोग्यानं हीच हाक मारायची, असा दंडकच होता. जिभेला वळण पडलं होतं, दुसरं काय. तिनं तोंडावर हात दाबला, पण पोर जागच्या जागी थबकली होती. शहाण्या लेकरासारखी ती चार पावलं मागं सरकली.

"एवढं लांब पुरे का, आई?"

इद्दोनं तोंड फिरवलं. मिल्का मटकन पायरीवर बसली. ओरडायची सवय झालेली, हळू आवाज कुठं सापडेना.

"नको गं बाळा, लांब नको. पुढं ये."

अक्सानं बापाकडं पाहिलं, त्या बोडक्या, तेलकट डोक्याकडं पाहिलं. एक पाऊल पुढं आली आणि थांबली.

"अजून?"

"अजून," मिल्का म्हणाली.