खुळखुळा वाजल्यावर

"तू हे सगळं वाचणार आहेस?" क्लिफर्डनं दारातच चिखलाचे बूट काढत विचारलं. "अगं, ज्यांनी लिहिलंय त्यांनी तरी वाचलंय का?"

हेटी थ्वेटनं मान वर केली नाही. टेबलावर दोनशे चाळीस पानांचा आराखडा उघडा होता आणि ती ओळीखाली पट्टी धरून वाचत होती. शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं काढलेली बाई ती. पाककृतीत मीठ नेहमी शेवटच्या ओळीत लिहिलेलं असतं, असं ती म्हणायची.

आराखडा त्यांच्या दरीचा होता, पुढच्या पंचवीस वर्षांचा. दरी संरक्षित, त्यामुळे कोणती दगडी भिंत ठेवायची, डोंगरावर मेंढ्या किती सोडायच्या, कोणतं कुरण कधी कापायचं, सगळं त्यात होतं. अठ्ठ्याऐंशीव्या पानावर एक तक्ता होता : 'कापणीची तारीख मोडलेली कुरणं'. पंधरा जुलैच्या आत गवत कापायचं नाही, हा नियम. हेटीनं गेल्या साली तीन जुलैलाच कापलं होतं. म्हणून जमिनीची मालक असलेल्या इस्टेटीनं ते कुरण कुळाकडून काढून घ्यावं आणि तिथं झाडं लावावीत, अशी शिफारस होती. कूळ म्हणजे हेटी. नवरा अमोस होता तोवर दोघांनी आणि तो गेल्यावर तिनं एकटीनं, त्रेचाळीस वर्षं ते कुरण कापलं होतं; गावात त्याला नॅनचं कुरण म्हणत. तो तक्ता तिनं आदल्या दिवशी वाचला होता. त्या रात्री ती जेवली नाही.

"माफी माग आणि मोकळी हो," क्लिफर्ड केकचा तुकडा उचलत म्हणाला. शेजारधर्म म्हणून तो रोज एक सल्ला द्यायचा आणि केकचे दोन तुकडे खायचा. "चुकलं म्हण. साहेब लोक माफीनं विरघळतात."

"चुकलं असतं तर मागितली असती. उन्हाळा कडक होता, खुळखुळा लवकर पिकला. बी खाली पडलं, मी कापलं."

खुळखुळा म्हणजे कुरणातलं पिवळ्या फुलांचं एक रोप. वाळलं की त्याच्या बोंडात बी वाजतं. ते वाजलं की कापायचं, हा दरीतला जुना रिवाज. कधी ते जुलैत वाजे, कधी पार ऑगस्टात.

"बी वाजतं हे त्या कॅलेंडरला काय ठाऊक!" क्लिफर्ड हसला.

हेटी हसली नाही. एकशे सत्ताविसाव्या पानावर तिची पट्टी थांबली होती. तिनं ओळ दोनदा वाचली, चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा वाचली.

"क्लिफर्ड, तो केक खाली ठेव," ती म्हणाली. "आणि हे मोठ्यानं वाच."

मंगळवारी गावच्या हॉलमध्ये सभा भरली. आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष पेनरोज यांनी पाऊण तास पडद्यावर नकाशे दाखवले. मग त्यांनी विचारलं, कुणाला काही शंका?

हेटी उभी राहिली. तिनं पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

"एकशे सत्ताविसावं पान काढा साहेब. दोनशे चौदा नंबरचं कुरण. काय लिहिलंय?"

पेनरोजनी पानं उलटली. "दरीतलं सर्वोत्तम कुरण. एकोणचाळीस प्रकारची फुलं. इतरांनी याचा आदर्श ठेवावा." ते कौतुकानं म्हणाले, "खरंच सुंदर आहे ते."

"त्याची खूण काय दिलीये?"

"ईशान्येला झरा, आणि कोपरा तुटलेली, गुरांच्या पाण्याची दगडी डोणी."

"तो कोपरा माझ्या नवऱ्यानं तोडलाय, ट्रॅक्टर मागं घेताना. आता अठ्ठ्याऐंशीवं पान काढा. इस्टेटीचा नंबर एकतीस. तेच कुरण आहे साहेब. तुमच्या मोजणीचा नंबर वेगळा, इस्टेटीचा वेगळा. एका पानावर तुम्ही त्याचा आदर्श ठेवताय आणि दुसऱ्यावर ते माझ्याकडून काढून घेताय. मी कुठल्या पानाचं ऐकू?"

 मग मागून क्लिफर्ड गरजला, "दोन्ही पानं वाचली तिनं! तुमच्यापैकी कुणी वाचलीत का?" आणि सगळा हॉल हसला.

पहिल्या रांगेतली एक तिशीची मुलगी उठली. वनस्पती मोजणारी रोवेना पास्क. "ती मोजणी मी केली, याच जूनमध्ये," ती म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. "म्हणजे तीन जुलैला कापल्यानंतरची. आणि त्याआधीच्या साली कधी कापलं होतं?"

"चौदा ऑगस्टला. पावसानं बोंडं ओली होती, वाजेनात."

रोवेना पेनरोजकडे वळली. "सर, तारखेनं कापलेल्या एकाही कुरणात फुलांचे वीसच्या वर प्रकार नाहीत."

पेनरोज माणूस सरळ होता. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि सगळ्यांच्या देखत 'पंधरा जुलै'वर काट मारली. तीन आठवड्यांनी सुधारित आराखडा आला. त्यात लिहिलं होतं : खुळखुळा वाजू लागल्यावर कापावं. तक्त्यातून एकतीस नंबर गेला होता. सगळ्या दरीच्या कुरणांसाठी आता हेटीचीच रीत लागू होती. क्लिफर्डनं ते पान गावातल्या दुकानाच्या काचेवर लावलं आणि दिवसभर तिथंच उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवलं. हेटीला इतका आनंद झाला की ती एकटीच बसून तीन कप चहा प्यायली.

त्याच आठवड्यात रोवेना तिच्या दारात आली. "मला शिकवा," ती म्हणाली. "पुढची पंचवीस वर्षं कुणाला तरी ऐकता आलं पाहिजे."

दोघी कुरणात उतरल्या. हेटीनं एक वाळलेला देठ खुडला आणि रोवेनाच्या कानाशी हलवला.

"वाजतंय?"

"हो! मस्त वाजतंय. तुम्ही ऐका ना."

"मला नाही गं येत ऐकू," हेटी म्हणाली. "चार वर्षं झाली. माणसांचं बोलणं येतं, पण बारीक आवाज गेला. मी अंगठ्यानं बघते. बोंड दाबलं की आत बी सरकतं, ते कळतं." तिनं देठ रोवेनाच्या हातात दिला. "कसं वाजतंय, सांग की."

रोवेनानं देठ पुन्हा हलवला आणि डोळे मिटून ऐकलं. "डबीत थोडीशी साखर राहिलेली असते ना," ती म्हणाली, "तसं."

"हां," हेटी म्हणाली. "तस्संच वाजायचं."

मग तिनं डोक्याला रुमाल बांधला, ट्रॅक्टर सुरू केला आणि भिंतीपासून पहिला पट्टा अगदी सरळ कापत नेला.