चुंबक न चिकटणारी गाडी

व्हर्जिल स्टोबरच्या गळ्यात रविवारी क्रॉस असायचा आणि शनिवारी लोहचुंबक. दोहोंपैकी कशावर त्याची श्रद्धा जास्त, हे त्याच्या बायकोला, मॉडीला, कधी कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं हातातलं काम न थांबवता सांगितलं असतं.

कोरलिस गावात जिथं कापसाची शेतं संपतात आणि भंगाराची सुरू होतात, तिथं व्हर्जिलचं गाड्यांचे पत्रे ठोकायचं गॅरेज होतं. पत्रा म्हणजे त्याचा जीव की प्राण. नुसता तळहात फिरवून, ही गाडी कुठं धडकली आणि चालवणारा तेव्हा शुद्धीवर होता का, हे तो सांगत असे. अशाच समविचारी माणसांचा एक क्लब होता, 'आयर्न डीकन्स'. नावातच लोखंडाचं पुजारीपण. ही मंडळी बत्तीस-चौतीस सालच्या मोडक्या फोर्ड उचलून आणायची, छप्पर कापून बुटकं करायची, आत दांडगं शेव्हरोले इंजिन कोंबायची आणि मग त्याच गाडीतून सकाळी शांतपणे दूध-अंडी आणायला जायची. शनिवारी तीच गाडी सॅडलरच्या ओसाड लष्करी धावपट्टीवर पाव मैल सरळ पळवायची आणि तीच हाकत घरी यायचं. तिथं गाडी ट्रेलरवर घालून नेणं म्हणजे नवरदेवाला मांडवात स्ट्रेचरवरून नेणं.

क्लबच्या फाटकावर येणाऱ्या प्रत्येक गाडीला व्हर्जिल गळ्यातलं चुंबक लावून बघायचा. चिकटलं तर आत, पडलं तर बाहेर. फायबरच्या तयार बॉड्या टपालानं मागवून लोक रातोरात अशा कापून-जोडून केलेल्या गाड्यांचे, हॉट रॉडचे, मालक व्हायला लागले, तेव्हा हा नियम त्यानंच केला होता. "बाथटबला चाकं लावली म्हणून गाडी होत नाही," असं तो म्हणायचा. वाक्य त्याचं स्वतःचं होतं आणि त्याचा त्याला फार अभिमान होता.

आणि त्याची मुलगी नोरीन धरणापलीकडच्या कारखान्यात फायबरच्या बोटी बनवायची. देवाला विनोदाचं अंग नाही असं कोण म्हणतं?

त्या वसंतात नोरीननं बापाची जुनी बत्तीस सालची दोन दारांची फोर्ड, कूप म्हणतात ती, थोडे दिवस मागितली. कूप खालून गंजून चाळण झाली होती, पण वरचा आकार शाबूत होता. तरुणपणी व्हर्जिलनं स्वतः छप्पर कापून तो घडवला होता. रोज संध्याकाळी कामावरून आली की नोरीन त्या कूपला मेण लावून घासायची, आरशासारखी लखलखेपर्यंत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. व्हर्जिलला गहिवरून आलं. क्लबात जाऊन तो सांगून आला, "पोरीला कळलं बरं का, गाडी म्हणजे काय ते. माझंच रक्त."

पुढच्या आठवड्यात तो घरी आला तेव्हा कूप हाडं मोडलेल्या पेशंटसारखी नखशिखांत ओल्या पांढऱ्या कापडात गुंडाळलेली होती आणि शेडमधून रेझिनच्या रसायनाचा असा भपकारा येत होता, की शेजाऱ्याचं कुत्रं गाव सोडायच्या बेतात होतं. नोरीन ब्रश घेऊन उभी. कोपरापर्यंत चिकट.

"हे काय चाललंय?"

"साचा काढतेय, डॅड."

"कसला साचा?"

"तुझ्या गाडीचा. मेण त्यासाठीच लावत होते. नाही लावलं तर साचा चिकटून बसतो, मग छिन्नीनं काढावा लागतो."

व्हर्जिल घरात गेला आणि जेवणाच्या टेबलाशी बसला. मॉडीनं त्याच्यापुढं बीन्स आणि मक्याचा ब्रेड ठेवला. "मला वाटलं, प्रेमानं पुसतेय," तो म्हणाला.

"प्रेमानंच पुसत होती," मॉडी म्हणाली. "जेव."

साच्यातून फायबरची बॉडी निघाली, ती अंगणात वाळत ठेवली होती. दुसऱ्या दिवशी ती जागेवर नव्हती. व्हर्जिल हादरला. चोरी? चोरी नव्हती. कपडे वाळत घालायची दोरी अडत होती म्हणून मॉडीनं एक बाजू उचलून बॉडी एकटीनं सरकवली होती, तोंडात कपड्यांचे चिमटे धरून.

"बायकोला एकटीला सरकवता येते ती गाडी नव्हे," व्हर्जिल म्हणाला. "तो ट्रे आहे."

"तुझी लोखंडाची सरकवायला चार डीकन लागतात," मॉडी म्हणाली. "आणि बियरचा क्रेट."

तो रागारागानं बॉडीपाशी गेला आणि सवयीनं तळहात फिरवायला लागला. मागचा उतार बरोबर. खिडकीची कड बरोबर. डाव्या दरवाजाच्या वर, छपराच्या जोडापाशी, हात थबकला. तिथं बोटाच्या पेराएवढा खळगा होता. तरुणपणी छप्पर जोडताना हातोडी वाकडी बसून पडलेला. वर शिसं भरून त्यानं तो झाकला होता, पण पुरता झाकला गेला नव्हता. डोळ्याला दिसायचा नाही, हाताला लागायचा. इतक्या वर्षांत तो कुणालाही सापडला नव्हता. साच्यानं तोही इमानदारीनं उचलला होता.

व्हर्जिलनं तो खळगा अंगठ्यानं पुन्हा एकदा चाचपला. मग शेडमध्ये जाऊन नोरीनला म्हणाला, "बॉडी लवते, तिला आतून लोखंडी नळ्या टाकून बांध. दरवाजे बसवायच्या आधी चासीच्या लोखंडी सांगाड्यावर आवळून घे, नाहीतर दरवाजे आयुष्यभर रडवतील."

"नळ्या टाकल्यात, डॅड."

"हं. इंजिन मी बसवतो. आणि वायरिंग पण माझ्याकडे."

"वायरिंग मी करते ना. आमच्याकडे बोटींना—"

"बोटींना काय करायचं ते पाण्यात करा. तू पाळण्यात होतीस तेव्हापासून मी गाड्यांना दिवे लावतोय."

नोरीन दरवाज्याच्या बिजागऱ्या शोधायला गेली.

गाडी उभी राहिली. पिवळी, बसकी, पुढं नाक वर केल्यासारखी. आता प्रश्न क्लबाचा. नोरीनला मेंबर व्हायचं होतं आणि याच गाडीवर व्हायचं होतं. मीटिंगमध्ये डॉयल फॅरिसनं खुर्ची मागं रेलली. डॉयलची काळी कूप अस्सल लोखंडाची, सॅडलरला वर्षानुवर्षं न हरलेली, आणि डॉयलची जीभ तिच्याहून वेगवान.

"काय व्हर्जिल, तुझ्या टबला गरम पाण्याचा नळ आहे का?"

"टब तिचा आहे. इंजिन माझं आहे."

"म्हणजे नळ तुझा." सगळे हसले. हसणं ओसरल्यावर डॉयल म्हणाला, "मी काही दुष्ट माणूस नाही. पोरगीनं आपल्या चाकांवर सॅडलरला यावं, तपासणी पास व्हावं, मला हरवावं आणि आपल्या चाकांवर घरी जावं. जमलं तर तुझा चुंबकाचा नियम कचऱ्यात आणि ती मेंबर. नाही जमलं तर नियम कायम आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही. बोल."

व्हर्जिलनं नोरीनकडं पाहिलं. "कबूल," ती म्हणाली.

शनिवारी दुपारी पिवळी गाडी सगळा रस्ता स्वतः धावत सॅडलरला पोचली. मागून मॉडीला घेऊन आपल्या ट्रकमधून येणारा व्हर्जिल पूर्ण रस्ता नाक मुरडत होता. आनंद लपवायची ती त्याची पद्धत होती.

डॉयलशी शर्यत सूर्य कलताना होती, आणि सॅडलरचा नियम असा की उजेड उतरायला लागल्यावर पळणाऱ्या गाडीचा मागचा लाल दिवा लागलाच पाहिजे. तपासनीस टकेट हा शाळेत भूमिती शिकवणारा गृहस्थ होता आणि गाड्यांनाही तो गृहपाठ न केलेल्या मुलांसारखा वागवायचा. त्यानं सीटचे पट्टे ओढले, ब्रेक दाबायला लावले, चाकं हलवली, मान डोलावली.

"पुढचे दिवे."

लागले.

"मागचा."

नाही लागला.

नोरीननं बटण पुन्हा दाबलं. काळोख. व्हर्जिलनं बल्ब काढून पाहिला, ठणठणीत होता. घरी टेबलावर बॅटरीची दोन टोकं लावून त्यानं स्वतः पेटवून बघितला होता. मग गाडीवर बसवल्यावर पुन्हा बघायची गरजच काय? इतकी वर्षं कधी पडली नव्हती.

डीकन मंडळी जमली. "प्लास्टिक ते प्लास्टिक," मागून कुणीतरी म्हणालं. "आज दिवा, उद्या चाक." टकेटनं घड्याळ पाहिलं. "थोडा वेळ देतो, नाहीतर ही गाडी बाहेर."

आणि व्हर्जिलला कळलं. एकदम. लोखंडाच्या गाडीत दिव्याला एकच वायर द्यायची असते. परतीचा रस्ता म्हणजे बॉडीच. दिवा पत्र्याला स्क्रूनं आवळला की अर्थिंग झालं. पुढचे दिवे चासीवरच्या लोखंडी दांडीवर होते म्हणून लागले. मागचा दिवा त्यानं त्याच सवयीनं, त्याच ऐटीत, एका वायरवर, फायबरला आवळला होता. तिथून वीज परत येणं शक्य नव्हतं.

हे त्या घोळक्यातल्या एकालाही सुचणार नव्हतं. सगळे लोखंडवाले, सगळ्यांचे हात याच सवयीचे. व्हर्जिलनं नुसतं तोंड बंद ठेवलं असतं तर गाडी बाहेर गेली असती, दोष प्लास्टिकच्या माथी बसला असता आणि त्याचा नियम जन्मभर खरा ठरला असता.

त्यानं मान वर केली. नोरीन त्याच्याकडंच बघत होती. बोटी बनवणारी पोर. बोटीत प्रत्येक दिव्याला दोन वायरी देणारी. तिला केव्हाच कळलं होतं, हे तिच्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होतं. आणि चार लोकांसमोर बापाचं नाव घ्यायला लागू नये म्हणून ती गप्प उभी होती, हातातली मेंबरशिप जात असताना.

गहिवर आला की व्हर्जिल नेहमी मोठ्यांदा बोलायचा.

"ए, प्लास्टिकला नावं कोण ठेवतंय रे?" तो गरजला. "बॉडी तिनं केलीय, तिच्यात काडीची चूक नाही. वायरिंग मी केलंय! लोखंडाची गाडी समजून एकच वायर दिली. गाढवपणा माझा आहे. आता मला कुणीतरी हातभर वायर द्या आणि बाजूला व्हा."

व्हर्जिल स्टोबरच्या तोंडून 'गाढवपणा' हा शब्द घोळक्यानं पूर्वीही ऐकला होता, पण तो दुसऱ्याचा असायचा.

वायर डॉयलनं दिली, आपल्याच गाडीच्या पेटीतून. "माझ्याविरुद्ध पळायला कुणीतरी पाहिजे ना," तो पुटपुटला. व्हर्जिल गाडीखाली शिरला. दिव्यापासून चासीपर्यंत वायर ओढली, ती आवळायला चासीचा एक बोल्ट सैल केला आणि तो हातातून निसटून कडेच्या वाळक्या गवतात पडला.

"बोल्ट!" तो आतून ओरडला. "बोल्ट पडला!"

टकेटनं पुन्हा घड्याळ पाहिलं. नोरीन गुडघ्यांवर बसून गवत चाचपायला लागली. डॉयलनं सुस्कारा सोडला. "व्हर्जिल, बाबा रे, तुझ्या गळ्यात काय आहे?"

गाडीखालून एक हात बाहेर आला. हातात दोरीला बांधलेलं चुंबक. नोरीननं ते गवतातून फिरवलं आणि बोल्ट टक्कन येऊन चिकटला.

दिवा लागला. लालभडक.

शर्यतीचं सांगण्यासारखं फार नाही, ती संपायलाच फार वेळ लागत नाही. सुटायच्या रेषेवरचं दिव्यांचं झाड पिवळ्यावरून हिरव्यावर उतरलं, आणि हलकी पिवळी गाडी जागेवरून अशी सुटली की डॉयलची काळी कूप अजून स्वतःचं वजन उचलायच्या विचारात होती. पुढं काळी जवळ येत गेली. फार जवळ. व्हर्जिलनं टोपी दातांत धरली. शेवटी नाकाएवढं अंतर राहिलं, पण नाक पिवळं होतं.

मॉडी टाळ्या वाजवत नव्हती. ती घरून आणलेला पीचचा केक कापत होती. पण केकचा तोच तुकडा ती दुसऱ्यांदा कापत होती, हे व्हर्जिलनं पाहिलं आणि कुणाला सांगितलं नाही.

घरी निघताना त्यानं ट्रकच्या किल्ल्या मॉडीकडं दिल्या आणि न विचारता डॉयलच्या काळ्या कूपमध्ये शेजारी जाऊन बसला.

"हे काय?" डॉयल म्हणाला. "आधी हरलो, वर तुझी हमाली?"

"तिच्या मागं घे. फार लांब राहू नकोस."

शेतांवर अंधारून येत होतं. पुढं पिवळी गाडी आता नुसती सावली झाली होती, आणि सावलीच्या टोकाला एक लाल ठिपका. व्हर्जिल दर थोड्या वेळानं पुढं वाकायचा.

"दिवा विझणार नाही," डॉयल म्हणाला. "सुखानं बस."

"माहीत आहे."

"मग बघतोयस काय एवढं?"

पुढं रस्ता सरळ होता, रिकामा, ना गाय ना ट्रॅक्टर. तरी पिवळ्या गाडीचा ठिपका एकदम दुप्पट लाल झाला आणि पुन्हा पहिल्यासारखा झाला.

"आता काय झालं?" डॉयलनं आपलाही पाय सैल केला. "समोर काहीच नाही. ब्रेक कशाला मारला तिनं?"

"मला दाखवायला," व्हर्जिल म्हणाला आणि मागं रेलून बसला.