मुसळ हवेत असताना

मी बोलतोय. ऐकायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. गोजराबाईच्या घरामागे जोत्याच्या दगडावर मुठीएवढी राखाडी डबी चिकटवलेली दिसते ना, ती मी. कागदोपत्री माझं नाव बिनतारी कंपनमापक. पाड्यावर मला ‘धक्क्याचं यंत्र’ म्हणतात आणि तेच नाव मला आवडतं. धक्का कुणाचा, कुणाच्या फायद्याचा, हे मी बघत नाही. बसला की मोजतो आणि मोजला की सांगतो.

माझा जन्म सातपूरच्या एका शेडमधला. पोटात सेल, हलल्यावर जागा होणारा एक नाजूक तुकडा आणि एक छोटासा रेडिओ. वायर नाही. सतत बडबडलो तर सेल संपतील, म्हणून मला झोपायला शिकवलं गेलं. धक्का बसला की जागं व्हायचं, आकडा पाठवायचा आणि पुन्हा डोळे मिटायचे. कामाच्या वेळी झोपण्याची लेखी परवानगी असलेला या जिल्ह्यातला मी एकटाच असेन. बाकीचे परवानगीशिवाय झोपतात.

पहिली नोकरी सिन्नरच्या एका कारखान्यात. तिथे एका मोठ्या पंख्याच्या बेअरिंगवर मला लोहचुंबकाने बसवलं होतं. एका दुपारी ते बेअरिंग आतून कुरकुरू लागलं. माणसाच्या कानाला काहीच कळत नव्हतं. मी कळवलं आणि तासाभरात पंखा बंद झाला. मॅनेजर जेवण टाकून धावत आला. हा धक्का कँटीनच्या स्टोव्हचा असेल, असं कुणी म्हटलं नाही. समिती नेमली नाही. बेअरिंग उघडलं, ते खराब निघालं, बदललं. पुढे पाहुणे आले की मालक माझ्याकडे बोट दाखवून सांगायचा, “हा खोटं बोलत नाही.”

त्या पंख्याची किंमत होती, म्हणून माझ्या शब्दाला किंमत होती. हे मला पुढच्या नोकरीत कळलं.

साल २००७. नाशिकहून पेठला जाणाऱ्या रस्त्यावर, डोंगराच्या कुशीत एक पाडा आहे. पलीकडच्या अंगाला झुंबरशेठची दगडखाण आणि खडीचा क्रशर. शहरात इमारती चढू लागल्या तशी खाण पाड्याच्या दिशेने सरकत आली. सुरुंग उडाला की घरांतली भांडी फळीवरून खाली यायची. गोजराबाईच्या मागच्या भिंतीला तडा गेला. तिने तो चिखलाने बुजवला, आठवड्याने तो पुन्हा उघडला. पाड्यातल्या बायका सरकारी कचेरीत जाऊन बसल्या, तेव्हा कुठे मोजणीचा हुकूम निघाला आणि मला घेऊन मंजुषा मॅडम आल्या.

मंजुषा मॅडम नव्या इंजिनीअर, पण हाताने नीट काम करणाऱ्या. त्यांनी भिंतीच्या पोपड्यावर मला बसवलं नाही. पोपडा वाऱ्यानेही हलतो. जोत्याचा पक्का दगड शोधला, तारेच्या ब्रशने घासला, पुसून कोरडा केला, त्यावर चिकट लेप लावला. पाणसळ ठेवून मला सरळ केलं आणि अंगावरचा बाण खाणीकडे वळवला. झाकणाखालची रबराची चकती दाबून बसवली, म्हणजे पावसाचं पाणी आत जाणार नाही. माझं बोलणं ऐकून साठवणारी दुसरी पेटी शाळेच्या पत्र्यावर चढली.

गोजराबाई कमरेवर हात ठेवून बघत होती.

“याला खायला काय लागतं, बाई?”

“सेल लागतात, आजी. वर्षाने बदलायचे.”

“म्हंजे माझ्यापेक्षा कमी खातंय,” ती म्हणाली. “ऱ्हाऊ दे मग.”

मी राहिलो आणि झुंबरशेठचा प्रत्येक सुरुंग जसाच्या तसा पोहोचवला. आकडे मर्यादेच्या कितीतरी वर होते. मला वाटलं, सिन्नरसारखंच आता कुणीतरी जेवण टाकून धावत येईल.

कचेरीचा अहवाल आला. माझे आकडे त्यात होते, एकही बदललेला नव्हता. बदलला होता त्यांचा अर्थ. झुंबरशेठच्या तज्ज्ञाने लिहून दिलं होतं, की पाड्यातल्या बायका उखळात भात कांडतात, हे धक्के त्या मुसळांचे आहेत. घरं मुळातच कच्ची आहेत. सबब रहिवाशांच्या सुरक्षिततेसाठी पाडा डोंगराखाली हलवावा. म्हणजे जागा रिकामी आणि खाणीला रान मोकळं! काळजी वाहणारी इतकी सुंदर भाषा मी तोवर ऐकली नव्हती.

संतापायची सोय माझ्यात केलेली नाही. तरीही सांगतो, त्या दिवशी मी संतापलो.

अहवाल कायम करण्याआधी जागेची पाहणी करायला कचेरीतले साहेब येणार, असं ठरलं. गोजराबाईच्या ओसरीवर बायका जमल्या. शेजारची नवसाबाई तोंडाची फटकळ.

“आपल्या मुसळानं डोंगर हालतोय म्हन. आपल्या अंगात एवढं बळ हाय, हे नवऱ्याला सांगाया पायजे.”

सगळ्या हसल्या. गोजराबाई हसली नाही. “या घरात मी नवरी म्हनून आले,” ती म्हणाली. “इथून मला मुसळाच्या नावानं काढत्यात. मंग त्यास्नी मुसळच दाखवू.”

साहेब आले ते झुंबरशेठच्याच गाडीतून. शेठने खाणीवर सांगून ठेवलं होतं, ‘होल भरून ठेवा. साहेब तीनला निघतील, मग उडवा.’ बारूद भरलेली भोकं दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवता येत नाहीत, एवढा नियम मात्र शेठ पाळत होता.

साहेबांना घाई होती. पण पाड्याच्या तोंडालाच त्यांना दिसलं ते माझ्याभोवती मांडलेल्या उखळांचं रिंगण. प्रत्येक उखळापाशी एक बाई आणि प्रत्येकीच्या हातात मुसळ. मंजुषा मॅडम लॅपटॉप मांडून बाजूला बसल्या होत्या. त्या दिवशी माझं बोलणं सरळ त्या पडद्यावर उमटणार होतं.

“हे काय चाललंय?” साहेबांनी विचारलं.

“तुमीच लिवलंय न्हवं, आमी डोंगर हालवतो?” गोजराबाई म्हणाली. “बघा मग.”

मुसळं उठली आणि पडली. आधी एकेक, मग सगळी एका तालात. जमीन घुमली, भात उडाला, कोंबड्या पळाल्या. मी जागा होतो आणि जाणवलं तेवढं सांगत होतो, मीठ-मिरची न लावता. पडद्यावर रेषेला बारीक लव फुटली, नुकत्या उगवलेल्या गवतासारखी. मंजुषा मॅडमनी शेजारी मागच्या आठवड्याच्या सुरुंगाचा आलेख लावला. तो ताडासारखा उभा होता.

“साहेब,” नवसाबाई दम घेत म्हणाली, “अजून किती बाया आनू? शेजारच्या पाड्यावं बी हायेत.”

झुंबरशेठ पुढे झाला. “जोर कुठं लावताहेत या? मुद्दाम हळू मारताहेत, साहेब. मी काय आज ओळखतो यांना?”

गोजराबाईने आपलं मुसळ त्याच्यापुढे धरलं. “घ्या, शेठ. तुमी लावा जोर. खाऊनपिऊन सुखी हायेत.”

साहेबांसमोर नाही कसं म्हणणार? शेठने पांढऱ्या सफारीच्या बाह्या वर केल्या आणि घाव घातला. अर्धा भात बाहेर. पुन्हा घातला. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या.

“ओ शेठ, तांदूळ करायचाय, खडी न्हाय!”

शेठ पेटला आणि घावावर घाव घालत सुटला. पडद्यावरचं गवत थोडं वर आलं, एवढंच. तीन वाजून गेले होते. हे पाड्यावर कुणाच्या लक्षात आलं नाही, पण खाणीवरची माणसं हुकुमाची पक्की होती.

डोंगरापलीकडून सुरुंगाआधीचा इशाऱ्याचा भोंगा वाजला.

शेठचा चेहरा उतरला. एका हाताने मुसळ डोक्यावर तोलून धरत त्याने दुसऱ्या हाताने खिशातला मोबाइल काढला. मोबाइलला रेंज नव्हती. ती पाड्यावर कधीच नसते. हे त्याला ठाऊक असायला हवं होतं, पण त्यासाठी पाड्याची चौकशी कधीतरी करायला लागते.

सुरुंग उडाला.

माझ्या दगडाखालून जमीन गेल्यासारखी झाली. भिंतीचा तडा करकरला, चिखलाचा गोळा साहेबांच्या बुटावर पडला. पडद्यावरची रेषा उसळून वरच्या काठाला भिडली. सगळ्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं आणि मग झुंबरशेठकडे. त्याच्या हातातलं मुसळ अजून हवेतच होतं.

“खाली ठिवा आता,” गोजराबाई म्हणाली. “पायावर पडल.”

साहेबांनी तिथेच उखळाच्या काठावर कागद ठेवून मुसळाचं वाक्य खोडलं. पाडा हलवायचा विषय मिटला. खाणीला लहान सुरुंगांचं बंधन आलं. खाण बंद झाली नाही, हेही सांगतो. अर्धं खरं सांगायची सवय मला नाही. मोजणीची मुदत मात्र संपली आणि कचेरीचा माणूस मला उपटून न्यायला आला. गोजराबाई मुसळ घेऊन दारात उभी राहिली. तो चहासुद्धा न घेता गेला. शाळेवरची पेटी मात्र नेली.

आता गोष्टीतली खरी गोष्ट. माझे सेल कधीच संपलेत. मी मुका आहे, आणि बोललो असतो तरी ऐकायला पेटी नाही. हे गोजराबाईला ठाऊक आहे. तरी ती रोज सकाळी ओल्या फडक्याने मला पुसते. बांधावर खाणीचा माणूस दिसला, की माझ्यापुढे वाकून मोठ्याने म्हणते, “ल्हिव बाबा, सगळं ल्हिव.” ते ऐकून तो जातो आणि पलीकडे सुरुंग लहानच उडतात.

एका मेलेल्या डबीला खाणवाला घाबरतो. जिवंत असताना माझं म्हणणं फिरवणाऱ्या कचेरीला याची लाज वाटत असेल, तर तिने दोन सेल आणि ती पेटी परत पाठवावी. लाज वाटत नसेल, तरी हरकत नाही. मी या दगडावरून हलणार नाही. बाण अजून खाणीकडेच आहे.