दोन अंगणांमधला पांगारा

मित्रांनो, मी एक जुना पांगारा आहे. म्हणजे होतो; आता बुडखा तेवढा उरलाय. आणि झाड म्हणून मला कोणी लावलंच नव्हतं. दोन भावांनी अंगण वाटून घेतलं, त्या दिवशी कुंपणाचा खुंट म्हणून एक फांदी तोडून आणली. तीच मी. धाकट्याने मला धरलं, थोरल्याने वरून घण घातला. त्यानंतर कित्येक वर्षं दोघांनी मिळून काही केलं नाही, की एकमेकांशी बोललेही नाहीत!

पांगाऱ्याची फांदी मातीत गेली की जीव धरते, एवढंही त्या शहाण्यांना ठाऊक नव्हतं. मी दोन्हीकडे मुळं पसरली. पानं गळाली की लालभडक फुलायचो, पाखरांची नुसती झुंबड उडायची. माझ्या रेट्याने तार वाकली आणि शेजारी एक फट पडली. आई थोरल्याकडे राहायची. त्या फटीतून ती रोज भाजीची वाटी घेऊन धाकट्याकडे जायची. तिचे गुडघे कामातून गेलेले. रस्त्याने वळसा घालणं तिला झेपत नव्हतं. माझे काटे लागायचे, तरी मलाच धरून पलीकडे उतरायची. "जरा जपून टोच रे मेल्या," म्हणायची. एवढंच काय ते कौतुक माझ्या वाट्याला आलं, पण मला पुरायचं.

मग माझा बुंधा फुगला आणि धाकट्याच्या अंगणात वीतभर सरकला.

"मुद्दाम जिवंत खुंट रोवलास! माझी जागा गिळायला!" धाकटा कडाडला.

"धरला कोणी होता? तूच ना?" थोरला म्हणाला.

इतक्या वर्षांनी तोंडं उघडली, आणि एकमत झालं ते मला तोडण्यावर. एकाने दोर ओढला, दुसऱ्याने करवत चालवली. पोरं एकत्र घाम गाळताहेत हे बघून म्हातारी हरखली. दोघांसाठी चहा ठेवला बिचारीने! तो निवायच्या आत त्यांनी भिंतीचा पायासुद्धा आखला.

आता मला खेटून पुरुषभर उंच भिंत आहे. आई माझ्या बुडख्यावर येऊन बसते आणि भिंतीकडे तोंड करून विचारते, "जेवलास का रे?" उत्तर येत नाही. तिला वाटतं, तो घरी नसेल. पण भिंतीच्या पायाखालून पलीकडे गेलेली माझी मुळं अजून जिवंत आहेत. तो तिथेच उभा असतो. त्याच्या पावलांचं ओझं मला कळतं. ती उठून जाईपर्यंत जागचा हलत नाही, मेला.

तेव्हा मित्रांनो, झाडं लावा, झाडं जगवा, असलं काही मी सांगणार नाही. कुंपण घालायचंच असेल तर लोखंडी खांब रोवा. तो वाढत नाही, फुलत नाही, आणि कोणाच्या आईला त्याला धरून पलीकडे जायची सवय लागत नाही.