वैमानिकांचा पाळणा

मित्रांनो, मी एक जुना पाळणा आहे. पण बाळांचा नव्हे, वैमानिकांचा. एका गोल दालनात माझा लांबलचक लोखंडी हात आहे आणि त्याच्या टोकाला एका माणसापुरती कोठडी. मी गरगर फिरू लागलो की आतल्या माणसाला आपले वजन पाचपट, आठपट झाल्यासारखे वाटते. लढाऊ विमानात आणि अंतराळयानात शरीरावर असाच भार येतो. त्याची सवय मी जमिनीवरच करून देतो. तीस वर्षे हेच केले. शाबासकी कमी मिळाली, शिव्या पोटभर.

एक मुलगी माझ्याकडे पहिल्यांदा आली, तेव्हा लढाऊ विमानावरची नवखी वैमानिक होती. कोठडीतून उतरताच ओकली. मला चालवणाऱ्या काकांनी टॉवेल पुढे केला. "लाजू नकोस, पोरी. इथे भल्याभल्यांनी सकाळचा नाश्ता परत केलाय."

बारा वर्षांनी ती अंतराळवीर होण्यासाठी आली. शेवटची चाचणी माझ्याकडे होती. आठपट भार येताच तिची शुद्ध दोन सेकंद हरपली.

"दोनच सेकंद, काका," ती काकुळतीने म्हणाली. "नका ना लिहू."

काकांचे पेन थबकले. "वर तुझी शुद्ध गेली, तर बरोबरच्या दोघांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?" एवढे बोलून त्यांनी खरे तेच लिहिले.

तिची जागा दुसऱ्याला मिळाली. त्यानंतर वर्षभर ती रोज सरावाला आली. पण काकांशी चकार शब्द बोलली नाही. काका मात्र तिचे पट्टे रोज स्वतः तपासत. घरी जाताना त्यांचे खांदे पडलेले असत.

पुढच्या चाचणीत ती टिकली. मग अंतराळातही गेली. परतताना यान ठरल्यापेक्षा फार वेगाने खाली आले. नऊपट भारातही तिने ते सांभाळले आणि तिघेही सुखरूप उतरले.

महिन्याभराने ती आमच्याकडे आली. सत्कारांनी आणि तपासण्यांनी पार शिणलेली, अंतराळातल्या मुक्कामाने पाय अशक्त झाल्यामुळे काठी टेकत. माझ्या जागी तोवर नवे यंत्र आले होते आणि काकांचा नोकरीचा शेवटचा आठवडा चालू होता. ती माझ्या पायरीवर त्यांच्याशेजारी बसली.

"काका, दमले हो."

"बस निवांत. आज कुणी फिरवणार नाही."

थोड्या वेळाने त्यांच्या खांद्यावर डोके टेकून ती झोपी गेली. काका तासभर हलले नाहीत.

मित्रांनो, कुणी फार उंच जाऊन आले, तर लगेच प्रश्नांचा भडिमार करू नका. आधी बसायला जागा द्या. आणि कधी इकडे फिरकलात, तर माझ्या कुरकुरणाऱ्या सांध्यांना थेंबभर तेल घाला. मीही दमलो आहे.