खैरटोल्याच्या शिवेवर

इंग्रज जाऊन सहा वर्षं झाली, पण मरी काही गेली नव्हती. नवेगाव बांधाच्या अलीकडच्या, तलाव बांधणाऱ्या कोहळ्यांच्या त्या गावात ती भर उन्हाळ्यात आली. तलाव तळाला गेलेला आणि माणसं हगवण-ओकारीनं आडवी पडलेली. गावचे पाटील उमराव यांची बायको धुरपताबाईही अंथरुणाला खिळली.

अशा वेळी काय करायचं ते बापजाद्यांनी ठरवून ठेवलं होतं. हातभर लाकडी गाड्यात मरीमायला बसवायचं, प्रत्येक आजारी घरातली एक चिंधी तिच्यापुढे ठेवायची आणि गाडा उगवतीच्या गावाच्या शिवेत सोडून मागे न बघता परतायचं. ते गाव तो पुढच्या गावाला लोटणार. एरवी त्याच गावाशी बैलांची उसनवारी, त्याच गावाशी सोयरीक. मरी आली की शेजार कुठला नि सोयरे कुठले!

उगवतीला खैरटोला होता. खैरटोल्यात उमरावांची एकुलती लेक दिलेली होती, गंगा.

"जंगलाकडं नेऊ," उमराव पिंपळाखालच्या बैठकीत म्हणाले. "लांब पडते, पन तिकडं मानसं नाईत."

बकाराम उसळला. त्याचा भाऊ आदल्या दिवशीच गेला होता. "काऊन पाटील? पोरीचं सासर हाये म्हून? आमचे मेले तं चालते, तुमची पोर तेवढी वाचली पायजे!"

सगळ्यांच्या माना उमरावांकडे वळल्या. हो, माझी पोर आहे तिथं, एवढं म्हणायला काय लागत होतं? पण पाटीलकी आडवी आली. नाक वर ठेवायच्या नादात त्यांनी गाड्याची दोरी स्वतःच हातात घेतली. धुरपताबाईच्या हिरव्या लुगड्याचा काठ फाडून गाड्यात ठेवला, तोही स्वतःच. दिवस मावळायच्या आत गाडा खैरटोल्याच्या शिवेवर सोडला आणि मागे न बघता परतले. बघायची छातीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गंगा अनवाणी, धापा टाकत अंगणात शिरली. मरीच्या गावात कुणी पाय ठेवत नाही. सासरच्यांनी अडवलं होतं, तिनं ऐकलं नव्हतं. ओट्यावर बसलेल्या बापाला पाहून ती जागीच थांबली आणि हमसून रडायला लागली.

"बाबा, तुमी जित्ते हा!"

उमरावांना काही कळेना. "मले काय झालं बाई?"

"गाड्यात मायच्या लुगड्याचा काठ दिसला, म्हून पयत आली. माय बिमार हाये हे समजलं. पन बाबा असते तं गाडा आमच्या शिवेवर येऊच देला नसता. मले वाटलं, तुमी गेले."

पदरानं डोळे पुसून, हसत, ती आईकडे आत गेली. उमराव खाली मान घालून बसून राहिले. शरमेनं त्यांना वाटलं, पोरीला वाटलं तेच खरं झालं असतं तर बरं होतं.