इनासच्या बँडला पाच तारे

मेल्रॉय मुंबईच्या एका इंग्रजी पेपरात संगीतावर लिहायचा. म्हणजे लोकांनी जीव तोडून गायचं आणि ह्याने खुर्चीत बसून त्यांची सालं काढायची. भल्याभल्यांना त्याने दोन ताऱ्यांवर कधी जाऊ दिलं नाही. दरारा होता हो त्याचा! पण सबीनाला मागणी घालायला मालवणात आला आणि सगळा तोरा अंगणातच उतरला.

सबीनाचा बाप इनास, लग्नाच्या बँडचा मास्तर. त्याने होणाऱ्या जावयाला खालून वर न्याहाळलं.

"गाणी आयकतस आणि त्येचो पगार घेतस?"

"लिवतंय पण, अंकल."

"मगे आमच्या बँडार लिव. वाचतंय, मगे लग्नाचा बघूया."

दुसऱ्याच दिवशी एका लग्नात मेल्रॉयने बँड ऐकला. देवा रे! इनासचा ट्रम्पेट एकीकडे, ढोल दुसरीकडे, आणि क्लॅरिनेट बिचारा दोघांना शोधत फिरतोय. मांडवातली कुत्री उठून समुद्राकडे गेली.

"खरां लिवशीत तर एकटोच रवशीत," सबीना कानाशी पुटपुटली.

मेल्रॉयचा जीव तिच्यावर जडलेला. त्याने डोळे मिटले आणि जन्मात पहिल्यांदा पाच तारे दिले. 'सुरांच्या बंधनातून पूर्ण मुक्त वादन' असं लिहिलं. त्यात खोटं काहीच नव्हतं म्हणा.

इनासने त्या ओळीचा फ्लेक्स करून तिठ्यावर लावला. मग काय विचारता! धामापूर, आंबोली, इन्सुली, थेट गोव्यातूनही फोन. इनासने नवे पांढरे बूट घेतले.

नाताळाच्या तोंडावर मेल्रॉय आईला, मारियानला, घेऊन तारीख ठरवायला आला. इनासने त्याला कडकडून मिठी मारली आणि भिंतीवरचं कॅलेंडर उघडलं. सगळं लालेलाल.

"उपवासकाळापर्यंत एक दिवस रिकामो नाय. उपवासकाळात चर्चमधली लग्नां बंद. ईस्टरनंतर मे अखेरपर्यंत परत बुकिंग. पावसात वाद्यां भिजतत. मगे नाताळापर्यंत परत बुकिंग."

"मगे आमचा लगीन कधी?" मेल्रॉयचा आवाज चिरकला.

"फुडच्या नाताळानंतर बघूया."

सबीनाने कपाळावर हात मारला. मेल्रॉय काकुळतीला आला, "अंकल, दुसरो खंयचोय बँड चलात! तुमी नुसते बापूस म्हणान येवा."

इनासचा चेहरा पडला. डोळ्यांत खरंच पाणी आलं त्याच्या.

"माज्या एकुलत्या चेडवाच्या लग्नात दोन ताऱ्यांचो बँड? अरे, पाच ताऱ्यांचो एकच आसा. तूच लिवलंस मा?"